हिरव्या टाकीचं रसायन

दसरा उलटला की संगमनेरच्या आजूबाजूच्या मळ्यांवर आणि बंगल्यांवर एक काम हमखास निघतं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईचे पाहुणे येणार, पोरं पोहणार, म्हणून पावसाळाभर झाकून ठेवलेला स्विमिंग पूल उघडला जातो. निळ्या टाइल्सचा जो पूल एप्रिलमध्ये फोटोत झळकला होता, त्यात आता पालकाच्या सुपासारखं पाणी असतं. पायरीवर पाय ठेवला तर घसरतो. तळ दिसत नाही.

मग तीन सल्ले मिळतात. ग्रामपंचायतीत पाणी सोडणारा सांगतो, दोन-चार किलो टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाका. डाळिंबवाला शेजारी सांगतो, मोरचूद टाका, शेवाळाचा बाप मरेल. घरचे वडीलधारे म्हणतात, कशाला ही थेरं, मोटार लावून उपसा आणि नव्यानं भरा. तिन्ही सल्ले थोडे थोडे खरे आहेत, म्हणूनच घातक आहेत. दोन दिवस पाणी निवळतं, पाहुणे पोहून जातात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत टाकी पुन्हा हिरवी होते. यात दोष बहुतेक वेळा क्लोरीनच्या कमतरतेचा नसतो. दोष आपल्या पाण्यात असतो, आणि हे पाणी न तपासता पुलात भरलं जातं.

संगमनेर तालुक्याचं पाणी एकजिनसी नाही. प्रवरेवर वर भंडारदऱ्याचं धरण आहे, १९२६ साली पूर्ण झालेलं. तिथून सोडलेलं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावर अडवलं जातं आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. सह्याद्रीच्या पावसाचं हे पाणी हलकं असतं. साकूर, घारगाव, बोट्याकडच्या पठारावर मात्र काळ्या कातळात खोल गेलेली बोअर असते, आणि खाली कालव्याच्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या उसाला दिलेलं पाणी आणि युरिया जिथे झिरपला अशा विहिरी असतात. संगमनेर महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी इथल्या भूजलावर काम करून ते प्रसिद्धही केलं आहे. नदीच्या खालच्या अंगाला, बागायती पट्ट्यात, पाणी अधिक जड आणि खारट होत जातं आणि अनेक विहिरींत नायट्रेट वाढलेलं आढळतं, असं त्यातून दिसतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, असं भारतीय मानक सांगतं. ते बाळाच्या आरोग्यासाठी आहे. पण नायट्रेट हे शेवाळाचंही खत आहे. उसाला जे लागतं तेच त्याला लागतं: नत्र, स्फुरद, ऊन आणि पाणी. संगमनेरात यातलं ऊन वर्षातले आठ-नऊ महिने मुबलक असतं आणि नत्र विहिरीतूनच येतं. आपण पूल भरत असतो तेव्हा शेवाळाचा वाफाही भिजवत असतो.

नायट्रेट क्लोरीननं जात नाही, फिल्टरनंही जात नाही. त्याला सोपा उतारा एकच, थोडं पाणी काढून कमी नायट्रेटचं पाणी मिसळणं. म्हणून ज्यांच्याकडे कालव्याचं किंवा छतावरून गोळा केलेलं पावसाचं पाणी आहे, त्यांनी पुलाची पहिली भर त्यानं करावी आणि बोअर फक्त घट भरून काढायला वापरावी. छताच्या पाण्याचा पहिला धुवा मात्र सोडून द्यायचा. पत्र्यावरची धूळ आणि पारव्यांची विष्ठा त्यातच असते, आणि त्या विष्ठेत स्फुरद भरपूर असतो.

आता सामू. माती परीक्षणाच्या कागदावर हा शब्द शेतकऱ्यानं शंभरदा वाचलेला असतो. पुलाच्या दुकानात त्यालाच पीएच म्हणतात. बोअरमधून पाणी बाहेर पडतं तेव्हा त्याचा सामू बऱ्याचदा ७.२-७.३ निघतो आणि मालक निश्चिंत होतो. पण या पाण्यात बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड दाबून बसलेला असतो. उघड्या टाकीत तो वायू हळूहळू उडून जातो आणि दोन-चार दिवसांत सामू चढत चढत ८.२-८.३ वर जाऊन बसतो. कारंजं किंवा धबधबा लावला असेल तर आणखी लवकर. शेवाळ एकदा धरलं की तेही दिवसभर उन्हात कार्बन डायऑक्साइड खातं आणि सामू आणखी वर ढकलतं. त्यामुळे एकाच दिवसात सकाळी आणि दुपारी चारला घेतलेल्या चाचण्या जुळत नाहीत. लोणार सरोवराचं पाणी तर १० च्या वर सामूचं आहे आणि वर्षानुवर्षं हिरवंगार असतं. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचं कारण मिठाच्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं, तेव्हा ते बातमीत आलं. तात्पर्य एवढंच की चढ्या सामूला शेवाळ घाबरत नाही.

घाबरतो तो क्लोरीन. पाण्यात पडल्यावर क्लोरीनची दोन रूपं होतात. एक हायपोक्लोरस ॲसिड, हे खरं मारणारं. दुसरं हायपोक्लोराइट, हे त्याच्या तुलनेत फारच मंद. सामू ७.५ असेल तर दोन्ही निम्मे निम्मे. ७.२ ला मारणारा हिस्सा सुमारे ६६ टक्के. ८.३ ला तोच जेमतेम १४ टक्के उरतो. म्हणजे त्याच डब्यातली तीच पावडर, तेच पैसे, पण काम पाचव्या हिश्श्याहून थोडंसंच जास्त. आपल्याकडे पूल हिरवा होतो, मालक दुप्पट पावडर टाकतो आणि वर टीसीएल स्वतःच चुन्याच्या पोटातलं असल्यानं सामू आणखी वाढवतं. आगीत तेल म्हणतात ते हेच.

गंमत अशी की यावरचा उपाय संगमनेरच्या बागायतदाराला कुठल्याही पूलवाल्यापेक्षा जास्त चांगला ठाऊक आहे. ड्रीपच्या नळ्यांत क्षार बसले, ड्रिपर बुजले की तो काय करतो? ॲसिड ट्रीटमेंट. शेततळ्याच्या पाण्यातलं शेवाळ फिल्टरमध्ये अडकलं की काय करतो? क्लोरीन ट्रीटमेंट. सँड फिल्टरच्या दोन्ही बाजूंचे प्रेशर गेज बघून बॅकवॉश कधी द्यायचा हे त्याच्या हाताला सवयीनं कळतं. पुलाच्या मोटारखोलीतला सँड फिल्टर हा त्याच जातीचा आहे. नियमही तोच: स्वच्छ असताना गेजचा काटा कुठे होता ते खडूनं भिंतीवर लिहून ठेवा, तो ठळकपणे चढला की उलटं पाणी द्या. रोज बॅकवॉश देणारे हौशी लोक पाणी वाया घालवतात आणि वाळूही नीट बसू देत नाहीत. तरीही हाच माणूस बंगल्यामागच्या पुलाशी आला की शेतातलं सगळं शहाणपण बांधावर ठेवतो आणि बाटलीवरचं इंग्रजी वाचून झाकणानं औषध मोजू लागतो. त्या बाटल्या मऊ नळपाण्याच्या शहरांसाठी लिहिलेल्या असतात. निमोणसारख्या गावातल्या बोअरसाठी त्या कुणी लिहिलेल्या नाहीत.

शेततळ्याचा उपाय मात्र जसाच्या तसा पुलात आणता येत नाही. तिथे चंदेरा मासा सोडला की तो तरंगतं शेवाळ गाळून खातो. पुलात मासा सोडणं म्हणजे क्लोरीन वापरणं सोडणं. दोन्ही एकत्र राहू शकत नाहीत.

थोडा हिशेब करू, कारण सगळी चूक हिशेब न केल्यानं होते. चोवीस फूट लांब, बारा फूट रुंद, सरासरी साडेचार फूट खोल असा घरगुती पूल धरा. घनफूट होतात १२९६. लिटर सुमारे ३७ हजार. या पाण्यात क्लोरीन एक पीपीएम, म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम वाढवायचा तर शुद्ध क्लोरीन लागतो ३७ ग्रॅम. चांगल्या, कोरड्या टीसीएलमध्ये तो वजनाच्या सुमारे तीस टक्के असतो, तेव्हा सव्वाशे ग्रॅम पावडर. पण फाटक्या गोणीतून चार महिने हवा खाल्लेल्या टीसीएलची ताकद किती उरली हे कुणीच सांगू शकत नाही. रोजच्या वापराला एक ते तीन पीपीएम मुक्त क्लोरीन पुरतो. हिरव्या झालेल्या पाण्यातलं शेवाळ मारायला एकदम दहाच्या आसपास न्यावं लागतं, म्हणजे सव्वा किलो टीसीएल. तेही पावडर सरळ पुलात फेकून नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक जसा बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरची निवळी तेवढी टाकीत सोडतो, तसंच. नाहीतर चुन्याचा पांढरा थर टाइल्सवर बसतो आणि तोच मग घासत बसावा लागतो.

त्याआधी ॲसिड. पुलाच्या पाण्यात अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम असावी असा सर्वसाधारण दंडक आहे. आपल्या बोअरच्या पाण्यात ती साडेतीनशे निघाली तर नवल नाही. ती १२० पर्यंत उतरवायची तर वरच्या पुलाला बाजारातलं ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड सुमारे सोळा लिटर लागेल. हा आकडा ऐकून माणूस दचकतो, आणि दचकलंच पाहिजे. सोळा लिटर एका दमात ओतलं तर सामू कोसळेल, सिमेंटचे सांधे खाल्ले जातील, मोटारीचे धातूचे भाग जातील. रोज अर्धा-पाऊण लिटर, बादलीभर पाण्यात आधी पाणी आणि मग ॲसिड या क्रमानं, मोटार चालू ठेवून, खोल बाजूला. दोन-तीन दिवसांआड चाचणी. महिनाभर लागतो. एकदा अल्कलिनिटी खाली आली की सामू पूर्वीसारखा भराभर चढत नाही आणि पुढे क्लोरीनचा खर्चही कमी होतो. या महिनाभराच्या कंटाळवाण्या कामाऐवजी लोक दरवर्षी नवं पाणी भरतात, म्हणजे दरवर्षी तीच साडेतीनशेची अल्कलिनिटी विकत घेतात.

चाचणीबद्दल दोन शब्द. दुकानात मिळणाऱ्या दोन बाटल्यांच्या किटमध्ये पिवळा रंग दाखवणारं ते ओटी (ऑर्थोटोलिडीन), तेच पाणी सोडणाऱ्याच्या खिशात असतं. त्यात एकूण क्लोरीन कळतो. त्यातला मोकळा किती आणि घामा-लघवीशी बांधला गेलेला किती, हे नाही. दुसऱ्या बाटलीत फिनॉल रेड: सामू कमी असला की पिवळसर, वाढला की लाल, फार वाढला की गुलाबी. पाणी कोपरभर खोल हात घालून घ्यायचं, काठावरचं वरवरचं नाही. क्लोरीनचा मारा केल्यावर लगेच ही चाचणी घेतली तर नळीतला रंग जांभळा दिसतो आणि सामू आभाळाला भिडल्यासारखा वाटतो. तो खोटा असतो. हे पाहून घाबरून ॲसिड ओतणारे कमी नाहीत.

उन्हाचं गणित वेगळं. उघड्या पाण्यातला साधा क्लोरीन संगमनेरच्या एप्रिलच्या उन्हात तासाभरात निम्मा उडतो. सकाळी नऊला टाकलेला दुपारी शोधून सापडत नाही. म्हणून सायन्यूरिक ॲसिड नावाचं छत्र लागतं. ३० ते ५० पीपीएम असलं की क्लोरीन टिकतो. टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्यूरिक ॲसिडच्या) पांढऱ्या गोळ्यांत हे छत्र क्लोरीनबरोबरच येतं, आणि इथेच फसगत होते. या गोळ्यांनी दहा पीपीएम क्लोरीन दिला की सहा पीपीएम सायन्यूरिक ॲसिडही मागे राहतं. क्लोरीन खर्च होतो, छत्र साचत जातं. दोन उन्हाळे नुसत्या गोळ्यांवर चालवलेल्या पुलात ते शंभरच्या पुढे जातं. मग ओटी गडद पिवळं येतं, म्हणजे क्लोरीन आहे, तरी भिंतीवर शेवाळ धरतं, कारण तो क्लोरीन छत्राखाली अडकून बसलेला असतो. अशा वेळी मात्र थोडं पाणी काढून नवं भरण्याला पर्याय नाही. माझ्या मते आपल्या भागात पावसाळ्यापूर्वी गोळ्या आणि एरवी रोज टीसीएलची निवळी, असं आलटून पालटून चालवणं बरं.

पण आलटून पालटून म्हणजे एकत्र नव्हे. टीसीएल आणि टीसीसीए ही नावं कानाला सारखी लागतात, दोन्ही पांढरी, दोन्हींना तोच वास. ओल्या बादलीत ही दोन्ही एकमेकांत मिसळली तर पेट घेऊ शकतात, स्फोट होऊ शकतो. टीसीएलवर ॲसिड सांडलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोटारखोलीत तो जीव घेऊ शकतो. मोजायचे चमचेसुद्धा वेगळे ठेवा. ॲसिडचे कॅन दुसऱ्या खोलीत. ज्याच्या हाती हे काम सोपवलंय तो गडी वाचू शकत नसेल तर डब्यांना वेगवेगळे रंग द्या, आणि हे काम लहान मुलाकडे कधीही देऊ नका.

मोरचुदाचं प्रकरण जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या बोर्दोच्या द्राक्षबागांत मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण केवडा रोगावर चालतं हे ध्यानात आलं, तेव्हापासून ते जगभर पसरलं. आपल्या द्राक्ष-डाळिंबवाल्याच्या पंपात ते आजही असतं. शेवाळ मोरचुदातल्या तांब्यानं मरतं हे निर्विवाद. पण जड, चढ्या सामूच्या पाण्यात तांबं विरघळलेलं राहतच नाही. ते कार्बोनेट होऊन खाली बसतं, टाइल्सच्या सांध्यांवर निळसर डाग धरतं आणि पाण्यालाही एक फिरोजी झाक येते. मग वर क्लोरीन टाकला की गोऱ्या केसांच्या पाहुणीचे केस हिरवे होतात, ज्याला लोक क्लोरीनचा दोष समजतात. आणि एकदा आत गेलेलं तांबं बाहेर काढायला पुन्हा पाणी फेकावं लागतं. ते पाणी ओढ्यात सोडलं तर तिथले मासे मरतात. तुरटी त्यापेक्षा निरुपद्रवी; मेलेलं शेवाळ फिल्टरमधून निसटत असेल तर ती त्याच्या गाठी करून तळाशी बसवते, आणि वर थोडी अल्कलिनिटीही खाते. पण तुरटी टाकल्यावर मोटार बंद ठेवावी लागते आणि दुसऱ्या दिवशी तळाचा गाळ फिल्टरमधून न नेता सरळ बाहेर ओढून काढावा लागतो. मधला धीर कुणाला नसतो.

मोठमोठ्यांचीही यात भंबेरी उडते, हे सांगून ठेवलं पाहिजे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात डायव्हिंगचा तलाव सगळ्या जगासमोर रातोरात हिरवा झाला. सुरुवातीला अधिकारी अल्कलिनिटीकडे बोट दाखवत राहिले. मग उघड झालं की कंत्राटदारानं स्पर्धेच्या सुरुवातीलाच तलावांत ऐंशी लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. पेरॉक्साइड आणि क्लोरीन एकमेकांना संपवतात. क्लोरीन गेला, सेंद्रिय द्रव्यं मोकळी सुटली, पाणी हिरवं. शेजारच्या तलावाचं पाणी उपसून नव्यानं भरावं लागलं. दोन चांगली औषधं मिळून एक वाईट औषध झालं.

पोहणाऱ्यांचं काय? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये पाण्यातल्या कृत्रिम साखरेवरून हिशेब काढला, तेव्हा सव्वाआठ लाख लिटरच्या एका तलावात सुमारे पंचाहत्तर लिटर लघवी निघाली. त्यांच्यापेक्षा आपण वेगळे असू असं मला वाटत नाही. त्यात आपल्याकडे अभ्यंगाचं तेल अंगावर जिरायच्या आत पोरं पुलात उतरतात, सुती कपडे घालून. डोळे चुरचुरतात, नाकात तो ओळखीचा वास भरतो आणि सगळे म्हणतात, क्लोरीन जास्त झालाय. उलट असतं. तो वास घामा-लघवीशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो. मोकळा क्लोरीन संपत आल्याची ती खूण. पोहण्याआधी साबणानं आंघोळ, हा सगळ्यांत स्वस्त रासायनिक उपाय आहे.

फिल्टरनं सगळं पाणी सहा ते आठ तासांत एकदा फिरवलं पाहिजे. शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीनं येते, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री. पुलाची मोटार त्या भरवशावर ठेवू नये. आणि कितीही औषध टाका, ब्रशनं भिंती घासल्याशिवाय शेवाळ सुटत नाही. पायऱ्यांचे कोपरे, शिडीच्या मागची बाजू, सावलीतली भिंत, जिथे पाणी हलत नाही तिथे ते आधी धरतं. काळे ठिपके तर प्लास्टरमध्ये खोलवर चिकटतात. त्यांना तारेचा ब्रश लागतो.

हा सगळा खटाटोप श्रीमंतांच्या शौकासाठी कशाला, असा प्रश्न रास्त आहे. उन्हाळ्यात पठारावर टँकर फिरत असतात आणि खाली कुणी ३७ हजार लिटर पाणी पोहायला साठवतो. मला यात पूल असणं तितकं खुपत नाही, दर वर्षी रिकामा करून भरणं खुपतं. तेवढं पाणी म्हणजे दहा-बारा हजार लिटरचे तीन-चार टँकर. नीट रसायन राखलं तर तेच पाणी तीन-चार वर्षं चालतं. बाष्पीभवन आणि बॅकवॉशची घट तेवढी भरावी लागते. पुलावर कापड टाकलं तर बाष्पीभवनही बरंच वाचतं. टाकून द्यायची वेळ आलीच तर चार-आठ दिवस औषध न घालता उन्हात क्लोरीन उडू द्यावा आणि पाणी हिरवळीला द्यावं; विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नये.

आणखी एक गोष्ट शौकापलीकडची आहे. तळ न दिसणाऱ्या पाण्यात बुडालेलं मूल काठावरून दिसत नाही. पोहायला उतरण्याआधी सर्वांत खोल जागेची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर कुणीही उतरू नये, पाहुणे कितीही लांबून आलेले असोत. शिवाय कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात नाकावाटे मेंदूत शिरणारा नेग्लेरिया अमीबा असू शकतो. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अशा अमीबांच्या रुग्णांमुळे आरोग्य खातं हवालदिल झालं होतं. हिरवं पाणी म्हणजे काम करणारा क्लोरीन नाही, एवढी खूण उतरू न देण्याला पुरेशी आहे.

यंदा पूल उघडणार असाल किंवा नवा बांधायला काढला असेल, तर टाइलचा रंग ठरवण्याआधी बोअरचं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा माती-पाणी परीक्षणाच्या प्रयोगशाळेत द्या आणि सामू, अल्कलिनिटी, कठीणपणा, नायट्रेट आणि लोह हे पाच आकडे मागून घ्या. कालव्याची किंवा पावसाच्या पाण्याची सोय असेल तर पहिली भर त्यानं करा. पूलवाला काय म्हणतो ते हे पाच आकडे हातात आल्यावर ऐका.